वार्धक्य-संशोधनासाठी पाठिंबा आणि पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी या विषयावर जिथे बोलावतील तिथे जाऊन बोलते. कधी भरलेलं सभागृह असतं, कधी दिवाणखान्यात बसलेली चार माणसं. प्रश्न बहुतेक ठिकाणी तेच येतात आणि ते रास्त असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

अँटी-एजिंग म्हणजे सुरकुत्या घालवायची क्रीमच ना?

नाही. पण या एका शब्दाने आमचं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्या विरोधकाने केलं नसेल. आम्ही ज्या संशोधनासाठी पाठिंबा मागतो त्याचा त्वचेच्या तजेल्याशी संबंध नाही. वय वाढतं तसं पेशींमध्ये काय काय बिघडत जातं आणि ते बिघडणं लांबवता येतं का, हा त्याचा विषय. २०१३ साली कार्लोस लोपेझ-ओतिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्याच्या नऊ जैविक खुणा मांडल्या. २०२३ मध्ये त्या बारा झाल्या. डीएनएमधली मोडतोड साचत जाते, गुणसूत्रांची टोकं झिजतात, पेशींतली ऊर्जाकेंद्रं मंदावतात. काही पेशी विभाजन थांबवतात पण मरत नाहीत, तशाच साठून राहतात आणि आजूबाजूला दाह पसरवतात.

लोकांसमोर मी स्वतः "वार्धक्याचं जीवशास्त्र" किंवा "निरोगी आयुष्याची वर्षं" असं म्हणते. अँटी-एजिंग म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे जाहिरात येते आणि पुढचं ऐकलंच जात नाही.

म्हातारपण हा निसर्गनियम आहे. त्याच्याशी भांडायचं कशाला?

मोतीबिंदूही निसर्गनियमानेच येतो, आणि आपण तो काढून टाकतो.

शिवाय निसर्गाचा नियम सगळ्यांना एकसारखा नाही. प्रयोगशाळेतला उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होऊन मरतो. जवळपास त्याच आकाराचा नेकेड मोल रॅट ३० वर्षांहून जास्त जगतो आणि त्याला कॅन्सर क्वचितच होतो. ग्रीनलंड शार्क किमान २७२ वर्षं जगतो असा अंदाज २०१६ साली डोळ्याच्या भिंगाच्या कार्बन-चाचणीवरून निघाला. म्हणजे म्हातारं होण्याचा वेग काही दगडावर कोरलेला नाही. तो जीवशास्त्रात ठरतो, आणि जे जीवशास्त्रात ठरतं त्याचा अभ्यास करता येतो.

प्रत्येक आजारावर संशोधन चालूच आहे की. मग हे वेगळं कशाला?

दर रविवारी संध्याकाळी मी बाबांचा गोळ्यांचा डबा भरते. सात दिवस, रोजचे चार खण, एकूण २८. मधुमेहाची मोठी पांढरी गोळी, रक्तदाबाची बारीक गुलाबी, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ ठेवायची, प्रोस्टेटची कॅप्सूल, ब्लेडने अर्धी केलेली झोपेची. गोळ्या लिहून देणारे डॉक्टर वेगळे, त्यांच्या फायली वेगळ्या, तपासणीच्या तारखा वेगळ्या. एकाची गोळी दुसऱ्याच्या गोळीला आडवी जाते की काय, हे बघायचं काम माझ्याकडे. हे सगळे आजार बाबांना पन्नाशीनंतर एकेक करून आले, आणि ते योगायोगाने एका माणसात जमलेले नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, बहुतेक कॅन्सर, स्मृतिभ्रंश, हाडं ठिसूळ होणं, या सगळ्यांचा सगळ्यात मोठा धोक्याचा घटक एकच आहे: वय.

बेंजामिन गॉम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८२५ मध्येच दाखवून दिलं होतं की प्रौढ वयानंतर मृत्यूचा धोका ठरावीक पटीने चढत जातो. आजच्या हिशेबाने तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. म्हणून एकेक आजार स्वतंत्रपणे हटवूनही हाती थोडंच लागतं. सगळे कॅन्सर उद्या नाहीसे झाले तरी विकसित देशांतलं सरासरी आयुर्मान तीनेक वर्षांनी वाढेल, असं लोकसंख्याशास्त्रज्ञांचं गणित आहे. कारण कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाला पुढचा आजार दारातच भेटतो.

२००६ साली जे ओल्शान्स्की, डॅनियल पेरी, रिचर्ड मिलर आणि रॉबर्ट बटलर यांनी यावर एक मांडणी केली. वार्धक्याचा वेग थोडासा जरी कमी करता आला, तरी सगळेच आजार एकदम पुढे ढकलले जातील आणि समाजाला त्याचा मोठा लाभ होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये अँड्र्यू स्कॉट, मार्टिन एलिसन आणि डेव्हिड सिंक्लेअर यांनी त्याला आकडा दिला. वार्धक्य मंदावून सरासरी आयुष्य एका वर्षाने वाढलं, तर एकट्या अमेरिकेसाठी त्याचं मोल ३८ लाख कोटी डॉलर. असे आकडे गृहीतकांवर उभे असतात हे मान्य. पण त्यातली दोन शून्यं खोडली तरी या संशोधनावर आज होणारा खर्च त्यापुढे नगण्य ठरतो.

प्रयोगशाळेत खरंच काही घडलं आहे का, की नुसत्या आशा?

घडलं आहे, आणि बरंच आधीपासून. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषण पुरेसं पण उष्मांक कमी दिले, तर ते जास्त जगले. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीतलं एक जनुक बदललं आणि त्याचं आयुष्य दुप्पट झालं. कृमी नुसता जगला नाही, तर म्हातारा व्हायच्या वयात वळवळत राहिला. २०११ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांतून त्या न मरणाऱ्या पेशी काढून टाकल्या, आणि त्यांचे मोतीबिंदू व स्नायूंची झीज लांबली.

पण मी लोकांना सांगते ती गोष्ट रॅपामायसिनची. १९६४ साली ईस्टर बेटावर एक कॅनेडियन वैद्यकीय मोहीम गेली होती. तिथून आणलेल्या मातीच्या नमुन्यातल्या जीवाणूत हे द्रव्य सापडलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषध रॅपामायसिन. माँट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेन सेहगल या शास्त्रज्ञाने ते जिवापाड जपलं. कंपनीने प्रकल्प गुंडाळला तेव्हा त्याचे जीवाणू त्यांनी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले. पुढे १९९९ मध्ये मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर द्यायचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

अमेरिकेत सरकारी पैशावर चालणारा इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम नावाचा उपक्रम आहे. एकच द्रव्य तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, एकाच वेळी, जनुकीयदृष्ट्या सरमिसळ असलेल्या उंदरांवर तपासायचं, म्हणजे एकाच ठिकाणच्या योगायोगाने कोणी हुरळून जाऊ नये. तिथे रॅपामायसिन खाद्यात मिसळायचं ठरलं, पण ते खाद्यात टिकेना. त्याभोवती सूक्ष्म आवरण चढवण्याची पद्धत बसवेपर्यंत महिने गेले, आणि प्रयोगासाठी आणलेले उंदीर पिंजऱ्यात वाट बघत म्हातारे झाले. ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपासचे. प्रयोग वाया गेला असं कोणालाही वाटलं असतं. त्यांनी तरीही औषध सुरू केलं. २००९ मध्ये निकाल आला. ९० टक्के उंदीर दगावण्याचं वय माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी वाढलं होतं. इतक्या उशिरा सुरू करूनही औषध लागू पडतं, हे जगाला एका अडचणीमुळे कळलं.

याच उपक्रमात लाल वाइनमधल्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचा मात्र सामान्य उंदरांच्या आयुष्यावर काही परिणाम दिसला नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे छापलं गेलं. मला या उपक्रमाबद्दल विश्वास वाटतो तो यामुळे.

(रॅपामायसिन मनाने घेऊ नका. ते प्रतिकारशक्तीवर परिणाम करतं आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे.)

मग माणसांसाठी औषध का आलेलं नाही?

तीन अडचणी आहेत. पहिली वेळेची: माणूस किती जगतो हे मोजायला एखाद्या शास्त्रज्ञाचं अख्खं आयुष्य जाईल. दुसरी नियमांची: औषधाला मान्यता कुठल्यातरी आजारावर मिळते, आणि वार्धक्य हा आजार म्हणून नोंदलेला नाही. तिसरी पैशाची, आणि ती सगळ्यात जास्त टोचते.

बाबांच्या डब्यातली ती मोठी पांढरी गोळी मेटफॉर्मिनची. १९५७ पासून मधुमेहावर वापरात आहे, जगभर कोट्यवधी लोक घेतात, तिचे दुष्परिणाम माहीत आहेत. अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनचे नीर बार्झिलाय यांनी तिच्यावर 'टेम' नावाची चाचणी आखली. ६५ ते ७९ वयाचे, मधुमेह नसलेले सुमारे ३,००० लोक, १४ केंद्रं, सहा वर्षं. मोजायचं ते हे की हृदयविकार, कॅन्सर, स्मृतिभ्रंश यांपैकी पुढचा आजार उशिरा येतो का. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने अमेरिकेच्या औषध नियामकांसमोर ही कल्पना मांडली. वार्धक्याचं मोजमाप असं करता येईल, हे तिथे ऐकून घेतलं गेलं. त्याला आता दहा वर्षं होऊन गेली आणि चाचणीसाठी लागणारे काही कोटी डॉलर पूर्ण जमलेले नाहीत.

का? मेटफॉर्मिनचं पेटंट केव्हाच संपलं आहे. ती कोणीही बनवू शकतं, म्हणून ती सिद्ध करण्यात कोणत्याही कंपनीला फायदा नाही. मेटफॉर्मिन अपयशी ठरेलही. तिच्याबद्दलचे आधीचे आशादायक अभ्यास पुढे सगळेच टिकले नाहीत. पण या चाचणीने एक वाट पडली असती: वार्धक्यावरच्या औषधाची परीक्षा कशी घ्यायची याची. पुढच्या प्रत्येक औषधाला ती वाट मोकळी झाली असती. बाजार जे काम कधीच करणार नाही आणि सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, ते लोकांच्या पैशातूनच व्हावं लागतं. मी वर्गणी मागते ती अशा कामासाठी.

अब्जाधीश यात पैसा ओतत आहेत. आमच्या थोड्याशा देणगीने काय होणार?

२०१३ मध्ये गुगलने वार्धक्य-संशोधनासाठी कॅलिको ही कंपनी काढली, २०२२ मध्ये ऑल्टोस लॅब्ज ही तशीच कंपनी तीन अब्ज डॉलर घेऊन सुरू झाली. हा पैसा चांगलाच आहे. पण तो बहुतेक खासगी कंपन्यांत जातो, तिथली माहिती लवकर बाहेर येत नाही, आणि जिथे पेटंट मिळेल तिथेच तो वळतो. स्वस्त जुनी औषधं, माणसांवरच्या मोठ्या चाचण्या, शरीर किती म्हातारं झालं हे सांगणाऱ्या रक्ततपासण्या खऱ्या आहेत का याची शहानिशा, या गोष्टी मागे राहतात. आणि एखाद्या धनिकाचं मन बदललं की प्रयोगशाळा बंद.

आणखी एक. एखादं संशोधन चार-दोन श्रीमंतांच्या हौसेचं वाटू लागलं की सामान्य माणूस त्याच्याकडे पाठ फिरवतो. हजारो लोकांनी दिलेल्या छोट्या रकमांमुळे ते सगळ्यांचं होतं, आणि लोकप्रतिनिधी अशाच गोष्टींकडे बघतात.

सरकारं यावर खर्च करतात का?

करतात, पण पैसा वार्धक्याच्या मुळाशी फारसा पोचत नाही. अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग १९७४ पासून आहे आणि अलीकडच्या वर्षांत तिचा वार्षिक निधी चार अब्ज डॉलरच्या वर गेला. त्यातला अर्ध्याहून अधिक अल्झायमर आणि तशा स्मृतिभ्रंशांवर जातो. मूळ जीवशास्त्राचा वाटा लहान आहे.

तो अल्झायमरचा पैसा कसा आला, हे मात्र शिकण्यासारखं आहे. २०११ च्या सुमाराला तिथे त्या आजारावर सरकार वर्षाला सुमारे ४५ कोटी डॉलर खर्च करत होतं. रुग्णांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं जांभळे कपडे घालून संसदेचे उंबरठे झिजवले. आपल्या आईला आपलं नाव आठवत नाही, हे ते खासदाराच्या कचेरीत बसून सांगत. एक राष्ट्रीय कायदा झाला, आणि दहा-बारा वर्षांत आकडा साडेतीन अब्जांच्या वर गेला. हे कोणा अब्जाधीशाने केलं नाही.

सामान्यांच्या वर्गणीतून विज्ञान पुढे गेल्याचं उदाहरण आहे का?

पोलिओ. १९३८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पोलिओसाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन केलं. ते स्वतः ३९ व्या वर्षी या आजाराने पांगळे झाले होते. एडी कँटर या रेडिओवरच्या विनोदी कलाकाराने श्रोत्यांना आवाहन केलं: दहा सेंटचं एक नाणं थेट अध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवा. काही दिवसांत टपालाच्या पोत्यांनी व्हाइट हाउस भरून गेलं. २६ लाख ८० हजार नाणी जमली. अध्यक्षांची नेहमीची टपालं त्या ढिगात शोधावी लागत होती.

पुढची १६-१७ वर्षं हे चालू राहिलं. याच पैशातून जोनास साल्क यांचं काम उभं राहिलं, आणि १९५४ ची लशीची चाचणीही, जिच्यात १८ लाख मुलं सहभागी झाली. १२ एप्रिल १९५५ ला लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं.

माझ्या मते या मोहिमेचं खरं बळ नाण्यांपेक्षा दुसरीकडे होतं. प्रतिष्ठान नुसतं "संशोधनाला द्या" म्हणत नव्हतं. ज्या घरात मूल आजारी पडलं त्या घराचा रुग्णालयाचा खर्चही ते उचलत होतं. देणाऱ्याला आपला पैसा शेजारच्या मुलाच्या कुबड्यांमध्ये दिसत होता. आमच्या क्षेत्राने हे अजून केलेलं नाही. आज म्हातारे असलेल्यांच्या हाती काही न देता आम्ही उद्याच्या म्हाताऱ्यांसाठी पैसे मागतो. तोल जाऊन पडू नये म्हणून व्यायामाचे वर्ग, गोळ्यांची फेरतपासणी, लसीकरण, अशी कामं संशोधनाच्या मोहिमेला जोडली तर लोक जवळ येतील, असं मला मनापासून वाटतं.

अलीकडचं उदाहरण २०१४ चं: डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची ती लाट. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी एका अमेरिकी संस्थेकडे काही आठवड्यांत ११.५ कोटी डॉलर जमले, आणि त्यातल्या पैशाच्या मदतीने २०१६ मध्ये आजाराशी संबंधित एक जनुक ओळखलं गेलं. लाट मात्र ओसरली. लाटेवर विसंबू नये, दरवर्षी थोडं देणारी माणसं जोडावीत.

लोकांशी बोलताना कुठे चुकतं?

आयुष्याच्या लांबीपासून सुरुवात केली की चुकतं. २०१३ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकनांना विचारलं: १२० वर्षांपर्यंत जगवणारे उपचार आले तर घ्याल का? ५६ टक्के नाही म्हणाले, ३८ टक्के हो. गंमत अशी की बाकीचे लोक मात्र घेतील, असं ६८ टक्क्यांना वाटत होतं.

हा नकार मला समजतो. आपल्याकडे अश्वत्थामा आहेच: मरण नाही, आणि कपाळावरची जखम भळभळतेच आहे. जास्त जगायचं म्हटलं की लोकांच्या मनात तो उभा राहतो. अंथरुणाला खिळलेली वीस वर्षं, लेकीसुनांवर ओझं. कोणाला हवं ते? म्हणून मी १२०, १५० असे आकडे तोंडातून काढत नाही. मी विचारते: ऐंशीव्या वर्षी जिना स्वतः चढायला आवडेल का? जोडीदाराचं नाव शेवटपर्यंत आठवावं असं वाटतं का? याला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि आजवर प्रयोगशाळेत जे प्राणी जास्त जगले, ते बहुतेक जास्त काळ धडधाकट राहिले म्हणूनच जगले. जखम तशीच ठेवून आयुष्य लांबवण्याचा हा उद्योग नाही.

दुसरं नाव येतं ययातीचं. त्याने तारुण्य मिळवलं ते पोटच्या मुलाकडून घेऊन. पुढच्या पिढीच्या वाट्याचं आपण खातो आहोत का, ही शंका त्यामागे असते, आणि तिचं उत्तर कृतीतून द्यावं लागतं. आज तिशीत असलेल्यांना या संशोधनाचा लाभ आजच्या सत्तरीतल्यांपेक्षा जास्त होणार आहे, हे सांगितलं की तरुण मुलं खुर्ची पुढे ओढतात.

वार्धक्याला आजार म्हणून जाहीर करा, अशी मागणी करावी का?

यावर आमच्यातच मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत "ओल्ड एज" अशी नोंद घालायचं ठरवलं होतं. ज्येष्ठांच्या संघटना आणि वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर खवळले. नुसतं वय झालं म्हणून माणूस आजारी कसा? उद्या डॉक्टर कारण न शोधता "म्हातारपण" लिहून मोकळे होतील. शेवटी ती आवृत्ती २०२२ मध्ये लागू होण्याआधी शब्द बदलला आणि "वयानुसार होणारी अंगभूत क्षमतेतली घट" अशा अर्थाची नोंद झाली.

तेव्हा आमच्यापैकी काहींना तो पराभव वाटला. मला वाटत नाही. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांनाच अपमान वाटत असेल, तर शब्द आपला चुकला. क्षमतेतली घट मोजता येते, आणि जे मोजता येतं त्यावर औषधाची चाचणी घेता येते. भांडायचं असेल तर त्या मोजमापासाठी भांडावं.

हे उपचार फक्त श्रीमंतांनाच मिळतील ना?

ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. प्यूच्या त्याच पाहणीत दोन-तृतीयांश लोकांनी ती बोलून दाखवली होती. एचआयव्हीची औषधं आली तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. २००१ मध्ये सिप्लाने तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि पुढे किमती आणखी कोसळल्या. पण त्या आपोआप कोसळल्या नाहीत. लोक रस्त्यावर आले, न्यायालयात गेले.

म्हणून पाठिंबा देतानाच अट घाला. सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधाची माहिती खुली हवी, किंमत आवाक्यात हवी. हे नंतर मागून मिळत नाही.

लोकसंख्येचं काय?

लोकसंख्या वाढते ती मुख्यतः जन्मदरामुळे, आणि तो बहुतेक जगात घटतो आहे. २०५० पर्यंत साठीपुढचे लोक २.१ अब्ज असतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ते येणारच आहेत. ते चालते-फिरते असावेत की खाटेवर, एवढाच प्रश्न उरतो.

एखादी चाचणी फसली तर देणगीदारांना काय सांगायचं?

फसली, असं. त्याच दिवशी, स्वच्छ शब्दांत.

२०१९ मध्ये रेस्टोरबायो कंपनीची ज्येष्ठांची प्रतिकारशक्ती सुधारण्याची मोठी चाचणी अपयशी ठरली. २०२० मध्ये युनिटी बायोटेक्नॉलॉजीचं गुडघेदुखीवरचं औषध, त्या न मरणाऱ्या पेशींवर नेम धरणारं, साध्या सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. दोन्ही वेळा मला वाईट वाटलं. कॅन्सरमध्येही चाचणीला उतरलेली बहुतेक औषधं पडतातच, आणि तरी कोणी कॅन्सरचं संशोधन थांबवा म्हणत नाही, कारण अपयशाचीही सवय समाजाला लावली गेली आहे. आमच्या क्षेत्रात दर दोन वर्षांनी कोणीतरी "आता दहा वर्षांत" म्हणतो, आणि ती दहा वर्षं सरली की विश्वास एक पायरी खाली जातो. मुदत देऊ नका. पुढची पायरी कोणती आणि तिला किती पैसे लागतील, एवढं सांगा.

पैसे द्यायचे तर खरी संस्था कशी ओळखायची?

पहिली खूण: ती तुम्हाला काही विकत नाही. गोळ्या, सलाइन, महागडी तपासणी विकणारा माणूस देणगीही मागत असेल तर उठून या. तरुणांचा रक्तद्रव म्हाताऱ्यांना चढवण्याचा धंदा काही ठिकाणी सुरू झाला होता. २०१९ मध्ये अमेरिकी नियामकांना त्याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला.

मीही एकदा फसले. एका संस्थेला दोन वर्षं नियमित पैसे दिले. वार्षिक अहवाल मागितला तर दर वेळी रंगीत पुस्तिका यायची. हसऱ्या वृद्धांचे फोटो, आणि हिशेबाच्या पानावर एक गोल आकृती. कोणत्या प्रयोगशाळेला किती दिले, हे एका ओळीत कळेना. तेव्हापासून मी देण्याआधी तीनच गोष्टी विचारते. मागच्या वर्षी कोणाला किती पैसे दिले? त्यातून काय छापून आलं? त्यातलं काय फसलं? तिसऱ्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर असतं, त्यांना मी डोळे मिटून देते.

पैसे देणं शक्य नाही. तरी काही करता येईल?

बरंच. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'ॲक्ट अप' ही एड्सग्रस्तांची आणि त्यांच्या मित्रांची चळवळ सुरू झाली. निदर्शनं सगळ्यांना आठवतात. पण त्यांच्यातले काही जण रात्री बसून रोगप्रतिकारशास्त्र आणि चाचण्यांचे नियम शिकले, आणि काही वर्षांत शास्त्रज्ञांच्या समित्यांमध्ये बरोबरीने बसू लागले. चाचणी कशी आखावी यावर त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. पदव्या नव्हत्या, अभ्यास होता.

चाचण्यांमध्ये भाग घेणं हीसुद्धा मोठी मदत आहे. ज्येष्ठांना अनेकदा चाचण्यांतून वगळलं जातं, कारण त्यांना आधीच दोन-चार आजार असतात. मग औषध तपासलं जातं चाळिशीच्या माणसावर आणि दिलं जातं ऐंशीच्या. आपल्या डॉक्टरांना विचारा, नाव नोंदवा. अमेरिकेत डॉग एजिंग प्रोजेक्टमध्ये हजारो कुटुंबांनी आपल्या कुत्र्यांची माहिती वर्षानुवर्षं भरून दिली. कुत्रा आपल्याच घरात राहतो, आपलीच हवा घेतो आणि आपल्याहून लवकर म्हातारा होतो, म्हणून त्या माहितीला मोल आहे.

लोकप्रतिनिधीला पत्र लिहायचं आहे. काय लिहू?

एक पान पुरे. पहिल्या परिच्छेदात तुमच्या घरातलं कोणीतरी असू द्या, नावानिशी नको पण खरं. दुसऱ्यात एकच मागणी. "वार्धक्य-संशोधनाला उत्तेजन द्यावं" असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं. "आरोग्य संशोधनाच्या निधीत वार्धक्याच्या मूळ जीवशास्त्रासाठी स्वतंत्र शीर्ष असावं" किंवा "पेटंट संपलेल्या औषधांच्या ज्येष्ठांवरच्या चाचण्यांना सार्वजनिक निधी मिळावा" असं लिहा. शेवटी विचारा की यावर आपली भूमिका काय, आणि मी कधी भेटायला येऊ.

मी माझ्या पत्रात डब्याबद्दल लिहिलं होतं, २८ खणांचा. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी मी डबा घेऊनच त्यांच्या कार्यालयात गेले आणि टेबलावर उघडून ठेवला. त्यांनी बराच वेळ त्याकडे पाहिलं, मग खिशातून आपला काढला. त्यांचा लहान होता, रोजच्या एकाच खणाचा. पुढची भेट त्यांनीच ठरवली आहे.